सगुणाचा बुधवारचा डोसा

वेसाव्याच्या सगुणाला अंधेरीच्या गल्ल्यांतून मासे विकताना ज्यांनी ऐकलंय, त्यांना ही बाई कुणाला भीत असेल असं सांगून पटलं नसतं. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरची बाई आंघोळ आवरती घेऊन खिडकीत यायची. अंगावर कडक लुगडं, अंबाड्यात अबोलीची वेणी, कानांत जडशीळ सोनं आणि डोक्यावर पाटी. पापलेटाचा कल्ला उघडून दाखवताना ती गिऱ्हाइकाकडे अशी बघायची, जणू हे पापलेट खायची ह्या बाईची लायकी आहे की नाही, तेच तिला ठरवायचंय.

पण ह्या सगुणाची एक चोरी होती. दर बुधवारी दुपारी पाटी रिकामी झाली की ती स्टेशनजवळच्या उडप्याच्या हॉटेलात जायची, फॅमिली रूममध्ये भिंतीकडे तोंड करून बसायची आणि मसाला डोसा खायची.

आता डोसा खाणं ही काही चोरी नव्हे. पण बुधवार हा माशांचा वार. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. देवांचे असे वार सोडले की उरलेल्या दिवशी गल्लीतली घरं माशांवर तुटून पडायची. अशा दिवशी खुद्द कोळणीनं बटाट्याची भाजी खायची, म्हणजे हलवायानं लेकीच्या लग्नाला पेढे शेजारच्या दुकानातून मागवण्यातला प्रकार.

ह्याची सुरुवात एका अक्कलदाढेनं झाली. दातांच्या डॉक्टरचा दवाखाना नेमका त्या हॉटेलच्या वर होता. डॉक्टरनं दाढ उपटली, तोंडात कापूस कोंबला आणि मऊ काहीतरी खा म्हणून सांगितलं. सगुणा जिना उतरून खाली आली ती सरळ हॉटेलात शिरली आणि इडली मागवून बसली. गाल बधिर होता, त्यामुळे इडली तोंडात आहे की घशाखाली उतरली हेही तिला कळेना. पण तेवढ्यात शेजारच्या टेबलावर एका माणसापुढे डोसा आला. बशीत न मावणारा, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, वाऱ्यावर भरलेल्या शिडासारखा फुगलेला आणि पाठीवर तांबूस सोनेरी. सगुणा त्याच्याकडे इतकी टक लावून बघत राहिली, की त्या माणसानं बशी हळूच आपल्या पलीकडे सरकवली.

हिरडी बरी झाल्यावर पहिल्याच बुधवारी ती परत आली. ह्या वेळी पाटी डोक्यावर होती, म्हणून गल्ल्यावरच्या मालकानं दारातच अडवलं. वास येतो, पाटी आत चालणार नाही, असं तो म्हणाला. सगुणानं त्याला दोन शब्द सुनावले, त्यानं कानडीत दोन परत केले. दोघांनाही एकमेकांचं काही कळलं नाही, पण दोघांचंही समाधान झालं. मग सगुणानं पाटी कोपऱ्यावरच्या सोनूबाई फुलवालीकडे ठेवली, तिच्याकडून ताजी वेणी घेऊन माळली, अर्धं लिंबू मागून हातांवर चोळलं आणि अशी ऐटीत आत शिरली, की मालक गल्ल्यावरून अर्धवट उठलाच. तेव्हापासून ती तिथली झाली. वेटर तिला बघितलं की न विचारता डोसा सांगायचा आणि चटणीची वाटी रिकामी व्हायच्या आत दुसरी आणून ठेवायचा.

हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं. घरी म्हणजे नवऱ्याला, धर्माला. मुलगी लग्न होऊन उत्तनला गेली होती, त्यामुळे घरात दोघंच. धर्माची स्वतःची होडी होती आणि जेवणाबद्दलची मतंही स्वतःचीच होती. दर्यातून येतं ते जेवण आणि जमिनीतून उगवतो तो पाला, अशी त्याची सरळ विभागणी होती. संध्याकाळी बोंबलाचं लालभडक कालवण, भात आणि तांदळाची गरम भाकरी समोर आली नाही तर तो फक्त ताटाकडे असा बघायचा की जणू त्यात कुणीतरी गेलंय. सगुणाच्या हातचं कालवण अख्ख्या कोळीवाड्यात नावाजलेलं होतं आणि तिला स्वतःलाही ते आवडायचं. मासे तिला नकोसे झाले होते असं काही नव्हतं. तरी बुधवारचा डोसा बुधवारचाच होता.

एशियाड होऊन वर्ष उलटलं होतं आणि गल्लीत तीन-चार घरी रंगीत टीव्ही आले होते, तेव्हाची ही गोष्ट. त्यातला पहिला टीव्ही ताम्हाणेंच्या घरी आला होता. मृणालिनी ताम्हाणे म्हणजे सगुणाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चिवट गिऱ्हाईक. मासा बोटानं दाबून, वास घेऊन, उलटा करून, परत ठेवून, मग भावाची घासाघीस करायची आणि शेवटी कोथिंबीर मागितल्यासारखी वर दोन मांदेली फुकट मागायची. सगुणाचं तिच्याशी रोज भांडण व्हायचं आणि एक दिवस झालं नाही तर दोघींनाही चुकल्यासारखं वाटायचं. ह्या मृणालिनीबाईंना खाण्याइतकीच बोलायचीही आवड होती. गल्लीतली कुठलीही बातमी त्यांच्या घरात जाताना लहान असायची आणि बाहेर पडताना बाळसं धरून पडायची.

एका बुधवारी सगुणा डोशाचं पहिलं कुरकुरीत टोक मोडून चटणीत बुडवत होती, तेवढ्यात फॅमिली रूमचं अर्धं दार फडफडलं आणि मृणालिनीबाई आत आल्या. बरोबर त्यांची मैत्रीण पद्मजा. दोघींच्या हातांत साड्यांच्या सेलमधल्या पिशव्या. सगुणा भिंतीकडे तोंड करून बसली होती खरी, पण समोरच्या भिंतीवर मोठा आरसा होता, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आरशात दोघींची नजरानजर झाली.

"सगुणा? तू आणि डोसा?" मृणालिनीबाई म्हणाल्या. "आज बुधवार ना गं?"

सगुणाच्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत काहीतरी चांगलं उत्तर सुचायला हवं होतं, पण पकडली गेल्याचा राग आधी वर आला.

"मग? रोज रोज मासे कोण खाणार?" ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला वाटलं, झालं ते बरं झालं, तोंड बंद केलं बाईंचं. मृणालिनीबाईही हसून दुसऱ्या टेबलाकडे वळल्या. फक्त पद्मजानं मागे वळून दोनदा सगुणाच्या बशीकडे बघितलं.

शुक्रवारी सगुणा गल्लीत शिरली आणि नेहमीसारखी हाळी दिली. खिडक्या उघडल्या, पण कुणी खाली येईना. आल्या त्या बायका पापलेटाला बोट लावून बोट पदराला पुसत परत गेल्या. एकीनं सांगितलं, आज उपवास आहे. शुक्रवारी कसला उपवास, असं विचारल्यावर तिनं संतोषी माता म्हणून वेळ मारून नेली, आणि तेवढ्यात तिचा नवरा आतून ओरडला की आज सुरमई येणार होती ना. दुसरीनं पाटीत डोकावून पाण्याबद्दल काहीतरी पुटपुटत जिना चढायला सुरुवात केली. मृणालिनीबाईंच्या दाराला कुलूप होतं. भर दुपारी चकचकीत पापलेटं पाटीत तशीच राहिली. सगुणाच्या आयुष्यात हे असं कधी झालं नव्हतं.

कारण तिला मथुरानं सांगितलं. मथुरा तिच्याच आळीतली, ती बाजारात ओट्यावर बसून मासे विकायची. तिच्याकडे सकाळपासून सगुणाच्या गल्लीतलं एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं, मात्र बातमी आली होती. बुधवारी बातमी एवढीच होती, की कोळीणसुद्धा म्हणते, रोज मासे कोण खाणार. गुरुवारी सकाळी ती अशी झाली की कोळीण हल्ली मासे खात नाही. दुपारपर्यंत लोकांना त्याचं कारण हवं झालं. मग कुणाच्या तरी मेहुण्यानं लांब समुद्रात जहाज फुटून तेल पसरल्याचं ऐकलं होतं. शुक्रवारी उजाडेपर्यंत वेसाव्याचे कोळी स्वतः मासे सोडून डोसे खायला लागले होते आणि उरलेलं सगळं अंधेरीच्या माथी मारत होते.

हे सगळं सांगून झाल्यावर मथुरानं कमरेवर हात ठेवून विचारलं, "खरं सांग गो. डोसा खाल्लास?"

सगुणा म्हणाली, खाल्ला.

मथुरानं इकडेतिकडे बघितलं आणि मग चटणी कशी असते म्हणून विचारलं.

त्या दिवशी घरी जाताना सगुणा बसमध्ये विचार करत बसली. आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे तिला दिसत होतं. मासे चांगले आहेत म्हणून दारोदार शपथा घेतल्या असत्या, तर लोकांचा संशय वाढलाच असता. कालपर्यंत जी बाई शपथ घेत नव्हती ती आज का घेते, असं तिलाही दुसऱ्या कुणाबद्दल वाटलं असतं. जाऊन मृणालिनीबाईंशी भांडावं, तर त्या म्हणणार, मी काय खोटं बोलले, तूच म्हणालीस. आणि ते खरंच होतं. बस सात बंगल्यापाशी आली तेव्हा तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. गल्लीला खरं ऐकायचंच नव्हतं. गल्लीला बातमी हवी होती. मग बातमीच द्यायची, पहिलीपेक्षा चविष्ट.

रविवारी सकाळी तिनं आपला सगळा माल मथुराच्या ओट्यावर ठेवला. स्वतःच्या पाटीत नारळाची सोडणं आणि धर्माची जुनी लुंगी भरली, वरून ओलं गोणपाट नीट खोचून घेतलं, आणि डोक्यावर पाटी घेऊन गल्लीत शिरली. हाळी दिली नाही. कुणाच्या दाराशी थांबली नाही. नवी वेणी माळून, घाईत असल्यासारखी ताडताड चालत सुटली. दुसऱ्या वळणापर्यंत खिडक्या उघडू लागल्या. जी बाई रोज न बोलावता ओरडत येते, ती गप्प का चाललीय, हे बघण्यासाठी लोक गॅलरीत आले. शुक्रवारी उपवास सांगणाऱ्या बाईनं वरून विचारलं, काय आणलंस. सगुणानं मान वर न करता सांगितलं, सगळं गेलं.

मृणालिनीबाईंच्या दारापुढून जाताना तिनं चाल मुद्दाम थोडी मंद केली. दार उघडलं. आत रंगीत टीव्हीवर कुणीतरी निळ्या चेहऱ्यानं काहीतरी सांगत होतं.

"सगुणा, इकडे ये. पाटी तर भरलेली दिसतेय," मृणालिनीबाई म्हणाल्या.

सगुणानं मागेपुढे बघितलं, आत पाऊल टाकलं आणि आवाज इतका खाली आणला, की तो तिचाच आहे हे ओळखू येईना. ही पाटी एकीकडे पोचवायचीय, असं तिनं सांगितलं. कुठे ते विचारू नका, मोठं घर आहे, रोज सगळं तिकडेच जातं, शब्द दिलाय. पुढे म्हणाली की बाहेर बोलू नका, तुम्ही जुन्या म्हणून सांगते. आणि जाता जाता उंबऱ्यावर थांबून, जणू तोंडातून निसटलं अशा बेतानं म्हणाली:

"आमच्या घराला तुकडा नाय ऱ्हात, बाय. म्हणून तर बुधवारी डोसा खावा लागतो."

मृणालिनीबाईंनी गोणपाटाकडे हात नेला तसा तिनं तो हळूच बाजूला केला. दिलेला शब्द दिलेला, असं म्हणाली, आणि धर्माची लुंगी डोक्यावर घेऊन मोठ्या मानानं पायऱ्या उतरली.

ह्यापुढे सगुणाला काही करावं लागलं नाही. बाहेर बोलू नका असं बजावून सांगितल्यामुळे बातमी दुप्पट वेगानं गेली. तेल पसरलेलं जहाज कुठल्या कुठे वाहून गेलं. आता प्रश्न एकच उरला, की मोठं घर कुणाचं. कुणी म्हणालं जुहूचा नट, कुणी म्हणालं मंत्री. पद्मजानं शपथेवर सांगितलं की गोऱ्या माणसाची गाडी तिनं स्वतः बघितलीय. बुधवारी सगुणा खरेखुरे मासे घेऊन आली तेव्हा बायका जिन्याखाली पिशव्या घेऊन उभ्या होत्या. घासाघीस कुणी केली नाही. मृणालिनीबाईंनी तर मासा दाबूनही बघितला नाही, फक्त माझे दोन हलवे बाजूला ठेव म्हणाल्या आणि मांदेली मागायला विसरल्या. सगुणाला त्याची जराशी रुखरुख लागली. तिनं आपणहून चार मांदेली त्यांच्या पिशवीत टाकली.

पाटी इतक्या लवकर रिकामी झाली, की हॉटेलात तिला डोशाआधी वडाही खाता आला.

पण बातमी काही अंधेरीच्या वेशीपाशी थांबत नाही. महिन्याभरात मथुराच्या ओट्यावरून ती वेसाव्याला पोचली आणि किनाऱ्यावर जाळी सुकवणाऱ्या माणसांच्या हाती लागली. त्यांना मोठ्या घराशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी बातमीचं नेमकं मऊ अंग धरलं. चंदर तांडेलानं धर्माला भर माणसांत विचारलं, की बाईल तुझी हॉटेलात जेवते म्हणे, घरात तुकडा नसतो म्हणून. मग तुला काय घालते, पाव-बटर? सगळे हसले. धर्मा जाळं झटकत राहिला.

संध्याकाळी सगुणानं कालवणाचं ताट पुढे ठेवलं. त्यात बोंबील होते, आणि तेही मोठेमोठे. धर्मानं ताटाकडे बघितलं आणि हात लावला नाही. सगुणाला वाटलं मीठ पडायचं राहिलं. तिनं विचारलं, तर तो म्हणाला मीठ बरोबर असेल. थोड्या वेळानं म्हणाला, अख्खा कोळीवाडा हसतोय. मग त्यानं ऐकलेलं सगळं सांगितलं. सगुणानंही दाढेपासून लुंगीपर्यंत सगळं सांगून टाकलं. लुंगीपाशी त्याच्या मिशा हलल्या, पण त्यानं हसू दाबलं, कारण अजून रागावून झालं नव्हतं.

"येत्या बुधवारी मी पण येणार. बघतो काय हाय त्या डोशात," तो म्हणाला, आणि मग बोंबील खाल्ले.

बुधवारी धर्मा लेकीच्या लग्नात शिवलेली पँट घालून आला. पँट तेव्हाही घट्ट होती. वर पांढरा बुशशर्ट, आणि त्याचा खिसा कशानं तरी फुगलेला. सगुणानं विचारलं तर विडी म्हणाला. फॅमिली रूममध्ये शिरताना अर्धं दार आपोआप मागे येऊन त्याच्या पाठीवर आपटलं, तेव्हा त्यानं वळून बघितलं की कोण ढकलतंय. खुर्चीवर बसल्यावर आरशात स्वतःला बघून केस सारखे केले. शेजारच्या टेबलावर मृणालिनीबाई आणि पद्मजा बसल्या होत्याच. हल्ली त्या बुधवारच्या बुधवारी यायच्या. सगुणा हॉटेलात दिसली की मोठ्या घरात माल पोचला असं समजायचं, अशी त्यांची धारणा झाली होती. सगुणानं ओळख करून दिली. धर्मानं दोन्ही हात जोडले आणि खुर्ची पँटीसकट पुढे ओढली.

डोसे आले. धर्मानं आपला डोसा आधी नखानं वाजवून बघितला. मग म्हणाला, एवढं मोठं, नि आत पोकळ. एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, सांबार चमच्यानं ढवळून तळ शोधला. काही सापडलं नाही तसा त्यानं खिशात हात घातला आणि वर्तमानपत्राची पुडी काढली. पुडीत निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील होते. सगुणानं त्याचा हात धरायच्या आत त्यानं एक बोंबील मोडून सांबारात टाकला आणि दुसरा डोशाच्या भाजीत खुपसला.

भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास हा असा वास आहे, की तो कुणाची परवानगी घेत नाही. आधी तो टेबलावर बसला, मग पंख्याला लागला, मग पंख्यानं तो खोलीभर वाटला. कोपऱ्यातल्या गुजराती जोडप्यानं एकमेकांकडे बघितलं. वेटर ट्रे घेऊन येता येता दारातच थबकला. सगुणानं पदर तोंडावर घेतला आणि डोळे मिटून घेतले. आता आपल्याला इथे पुन्हा पाऊल टाकता येणार नाही, असं तिला वाटलं, आणि ते तिला इतकं लागलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

बाहेर गल्ल्याच्या खणाचा आवाज झाला आणि मालक आत आला. शुद्ध शाकाहारी अशी दारावरची पाटी त्याच्या डोक्यावरच होती. तो नाक वर करून एकेका टेबलापाशी थांबत येऊ लागला. धर्मा शांतपणे चावत होता.

मालक जवळ यायच्या आत शेजारच्या टेबलावरून मृणालिनीबाईंचा हात पुढे आला आणि त्यांचा भरतकाम केलेला रुमाल त्या पुडीवर अलगद पडला. मग त्या मालकाकडे वळून ठामपणे म्हणाल्या, "तुमचं सांबार खाली लागलंय वाटतं. केव्हाचा वास येतोय."

मालकाचा चेहरा उतरला. त्याच्या भटारखान्यात सांबार लागलं असं आजवर कुणी म्हणालं नव्हतं. तो कानडीत ओरडत तरातरा आत गेला, त्याच्या मागे वेटर धावला, आणि आतून मोठी पातेली आपटल्याचे आवाज येऊ लागले.

मृणालिनीबाईंनी रुमाल उचलला. उचलताना त्यातून एक बोंबील त्यांच्या बशीत आला होता. त्या सगुणाकडे न बघता धर्माला म्हणाल्या की भाजलाय मस्त, आमच्याकडे गॅसवर हा असा होत नाही. पद्मजानं आपली बशी गुपचूप पुढे सरकवली. धर्मानं तिलाही अर्धा मोडून दिला. मग चौघं जण आतला आरडाओरडा थांबायच्या आत भराभरा जेवले. सगुणा मान खाली घालून इतकी हसत होती, की तिच्या अंबाड्यातली वेणी सैल झाली.

जाताना मालकानं सगळ्यांची माफी मागितली आणि कॉफी फुकट पाजली. सगुणाला त्याचं वाईट वाटलं, म्हणून तिनं कॉफी छान झालीय असं त्याला दोनदा सांगितलं.

परतीच्या बसमध्ये धर्मा खिडकीशी बसला होता. पँटीचं बटण त्यानं केव्हाच मोकळं केलं होतं. बराच वेळ बाहेर बघत राहून तो म्हणाला की कॉफी चांगली होती. डोसा काही एवढा नाही. मग त्यानं आठवडाभर मनात घोळवलेला प्रश्न विचारला. त्यात राग उरला नव्हता, नुसतं कुतूहल होतं.

"खरंच सांग गो. काय हाय त्या डोशात?"

सगुणानं विचार केला. इतके दिवस तिला हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं.

"डोशात काय नाय," ती म्हणाली. "कोण तरी आणून देतो, नि मी बसून खाते."

धर्मानं मान पुन्हा खिडकीकडे वळवली. सात बंगला गेला, खारा वारा सुरू झाला, तरी ती तिकडेच होती. सगुणाला वाटलं त्याला झोप लागली.

पुढे दोन दिवसांनी ती बाजारातून घरी आली तर चुलीपाशी धूर होता आणि धर्मा लुंगी वर खोचून पाट्यावर मसाला वाटत होता. होडीवर पुरुषच जेवण करतात, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. धर्माच्या हातचं कालवण खायला दुसऱ्या होड्यांवरची माणसं येतात, असंही ऐकून होतं. पण होडीवरचा धर्मा आणि घरातला धर्मा ही जणू दोन माणसं होती, आणि दुसऱ्याला पाण्याचा तांब्या कुठे असतो हेही माहीत नव्हतं. तिला बघून त्यानं फक्त एवढंच सांगितलं, की हात धू आणि बस.

ती बसली. काय करायचं ते न सुचून तिनं पदर सारखा केला. धर्मानं ताट आणून तिच्यापुढे ठेवलं. भाताची मूद वाकडी होती, भाकरी एका कडेनं करपली होती, आणि कालवणात आंबोशीच्या फोडी तरंगत होत्या. तिनं पहिला घास घेतला. तिखट सरळ कानांपर्यंत गेलं, मग आंबट आलं, मग बोंबील जिभेवर ठेवताच विरघळला. तिच्या स्वतःच्या कालवणापेक्षा ते बरं होतं. थोडंथोडकं नव्हे, चांगलंच बरं होतं. इतकी वर्षं हा माणूस हे हात घेऊन घरात नुसता बसून होता.

धर्मा चुलीशी उभा राहून वाट बघत होता. हातात पळी होती.

सगुणानं दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, वाटीतला रस्सा भातावर ओतून घेतला. तोंडावर काही दिसणार नाही ह्याची तिनं नीट काळजी घेतली.

"ठीक झालंय," ती म्हणाली. "पण मसाला जरा कच्चा वाटतो. उद्या परत करून बघा."

धर्मानं कपाळाला आठ्या घातल्या, पळीनं रस्सा चाखला, आणि कुठे चुकलं असेल ते शोधत पुन्हा चुलीकडे वळला. सगुणानं रिकामी वाटी पुढे केली आणि आणखी वाढा म्हणाली, चव नीट कळायला हवी म्हणून.